बुजवलेली खिडकी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. मधे दोनदा बार्शीटाकळीला जाऊन आले. दोन्ही वेळा विषय एकच होता, घराच्या खिडक्या. आता तुम्ही म्हणाल, हा काय लिहायचा विषय झाला? मलाही तसंच वाटलं होतं. पण शोधत गेले तसतसं सापडत गेलं आणि वहीची वीस पानं भरली. त्यातलं जे उरलं ते इथे टाकतेय. घरच्या मंडळींनी चुका काढाव्यात, हक्क आहे तुमचा.

ज्यांनी आमचं टाकळीचं घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर धाबं, पुढे ढेलज, मग अंगण, ओसरी आणि आत माजघर. दारं-चौकटी सगळ्या सागवानी. खिडक्या मात्र कमीच. सबंध घराला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी, तीही माणसाच्या डोक्याच्या वर. वऱ्हाडातली जुनी घरं अशीच असायची. एक तर ऊन. अकोल्याकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको, खिडकी म्हणजे भट्टीचं तोंड. दुसरं कारण भीतीचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांनी हा मुलूख लुटून काढला होता, आणि बाहेरून आत दिसू नये ही सवय पेंढारी गेल्यावरही भिंतीत राहून गेली. म्हणून घर बाहेरून मुकं आणि आतून अंगणाकडे उघडं.

सध्या तिथे मोठी आई राहते, आणि दादा-वहिनी. मोठी आई ब्याऐंशीची आहे. गुडघ्यांमुळे तिचं माजघराबाहेर येणं कमी झालंय. माजघर म्हणजे दुपारी बारालाही दिवा लावायचा. दादाच्या मनात सगळ्या जुन्या चौकटी काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवायच्या होत्या. "अवं बाई, एकदा लावलं का आयुष्यभर कटकट नाई, वायवी नाई लागत," हे त्याचं म्हणणं. वाळवीचं खरंच आहे, दोन उंबरे पोखरलेत. शिवाय जुनं लाकूड घेणारा एक जण येऊन ढेलजेच्या दाराची किंमत सांगून गेला होता, ती ऐकून वहिनीचेही डोळे चमकले होते. (वहिनी, रागावू नका.)

मोठ्या आईचं मागणं वेगळंच होतं. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "इथं खिडकी होती नं! थे उघडून द्या मले. बाकी काई करा नाई त नोका करू. कोन आलं, कोन गेलं, काईच नाई दिसत."

मी जन्मापासून त्या भिंतीवर देवांच्या तसबिरी पाहिलेल्या. तिथे खिडकी होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काम साधं वाटत होतं. मिस्तरी बोलवायचा, भिंत फोडायची. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने खडा टाकला, "परवानगी काढली का? देऊळ जवळ हाये तुमच्या." खिडकीला परवानगी? मी हसले होते. मग पुण्याला परत आल्यावर वाचायला बसले आणि हसू मावळलं.

खिडकी उघडण्याआधी कुणाला तरी विचारायचं, ही गोष्ट फारच जुनी निघाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरं बांधण्याबद्दल एक प्रकरण आहे. दुसऱ्याच्या दारासमोर किंवा खिडकीसमोर आपलं दार-खिडकी काढून त्रास दिला तर दंड, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मधून राजरस्ता किंवा मोठा रस्ता जात असेल तर चालेल. हा दंड 'पूर्वसाहस' प्रकारचा, म्हणजे ४८ ते ९६ पण. गंमत म्हणजे हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. १९०५ साली म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली तो छापला गेला. म्हणजे नियम दोन हजार वर्षांचा, पण आपल्याला पुन्हा कळून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली.

दाराची परवानगी म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने बांधायला घेतला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा बाजीरावाच्या मनात होता, पण छत्रपती शाहूंना उत्तरेला तोंड केलेला दरवाजा म्हणजे दिल्लीला आव्हान वाटलं, म्हणून त्यांनी अडवलं आणि तो पुरा व्हायला नानासाहेबाचा काळ उजाडला, असं सांगतात. आख्यायिका असेल. पण पेशव्यालाही दारासाठी थांबावं लागलं, हे सांगून मी दादाला गप्प केलं तेवढं खरं.

आता आमच्या खिडकीकडे. ती बुजवली कुणी? मोठ्या आईने जे सांगितलं ते असं. पूर्वेला आमची सांदवाडी, आणि सांदीपलीकडे एका मुसलमान कुटुंबाचं घर. आमचे आजोबा आणि तिथले चाचा, दोघांचं बसणं-उठणं एकत्र. १९६४ च्या सुमारास चाचांनी मागच्या अंगणात न्हाणी बांधली, आणि घरातल्या बायकांचा वावर त्या बाजूला सुरू झाला. आमच्या खिडकीतून ते अंगण सरळ दिसायचं. चाचा एका संध्याकाळी आले, ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी आजोबांनीच विचारलं. दोन दिवसांत खिडकी विटा लावून बंद. मोठी आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. ती म्हणते, "माये सासरे म्हने, त्याईच्या घरच्या बाया मोकया फिरल्या पायजे." कागद नाही, पंचायत नाही, नोटीस नाही.

मला हे ऐकून आधी फार भारी वाटलं. मग एक शंका आली. ज्या घरातल्या सुनेला दिवसभर त्याच माजघरात राहायचं होतं, तिला कुणी विचारलं होतं का? चाचांच्या घरच्या बायकांना मोकळीक मिळाली, ती आमच्या घरच्या बाईच्या उजेडातून. मोठ्या आईला मी हे विचारलं. ती नुसती हसली आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.

या अशा भांडणांवर इंग्रजी अमदानीत चांगलाच खल झाला होता. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, ज्याला कोर्टाच्या मराठीत ईझमेंट म्हणतात. त्याच्या अठराव्या कलमाखाली उदाहरण दिलंय ते जणू आमचंच: एखाद्या गावाची रूढी अशी आहे की शेजाऱ्याच्या घराचा खाजगी भाग दिसेल अशी नवी खिडकी कुणी काढायची नाही. तिथे एकाने घर बांधलं की शेजाऱ्याने तशी खिडकी उघडू नये हा हक्क त्याला मिळतो. १८८८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टापुढे गोकल प्रसाद विरुद्ध राधो हा दावा आला. नव्या घराच्या दारांतून आणि ओसरीतून आमच्या बायकांच्या खोल्या दिसतात, ही तक्रार. सरन्यायाधीश एज यांनी रूढीने चालत आलेला हा हक्क मान्य केला. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, मुंबई हायकोर्टाने गुजरातेतली अशीच रूढी मानली होती. इंग्लंडात मात्र शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं तर तुम्हाला काहीच करता येत नसे. उपाय एकच, आपल्या हद्दीत भिंत उभी करून त्याचा उजेड अडवा, आणि तेही वीस वर्षं व्हायच्या आत. वीस वर्षं उजेड येत राहिला की तो त्याचा हक्क. लंडनमध्ये जुन्या खिडक्यांखाली 'प्राचीन उजेड' अशा अर्थाच्या पाट्या ठोकलेल्या असत, त्या याच कारणाने.

आपल्या कायद्यातही वीस वर्षांचाच हिशेब आहे. पंधरावं कलम सांगतं, वीस वर्षं बिनबोभाट हवा-उजेड घेतला की हक्क तयार होतो. सत्तेचाळिसावं कलम उलट सांगतं, सलग वीस वर्षं तो वापरला नाही की हक्क संपतो. म्हणजे १९६४ मध्ये आजोबांनी विटा लावल्या आणि १९८४ मध्ये त्या खिडकीचा उजेडावरचा हक्क कायद्याने मेला. आता सांदीपलीकडे कुणी दुमजली भिंत बांधली तर आम्ही ब्र काढू शकत नाही.

शेजाऱ्याचा विषय झाला. पण सरकारला आपल्या खिडकीशी काय घेणंदेणं? त्याची तीन कारणं इतिहासात दिसतात: आग, पैसा आणि रोगराई. लंडन १६६६ मध्ये जळालं, आणि १७०९ च्या कायद्याने तिथे लाकडी चौकटी भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसवणं भाग पडलं. पैशाचं तर विचारूच नका. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि फ्रान्समध्ये १७९८ पासून थेट १९२६ पर्यंत दारं-खिडक्या मोजून कर घेत. लोकांनी कर वाचवायला खिडक्या बुजवल्या! आमच्या आजोबांनी निदान मैत्रीखातर बुजवली.

आपल्याकडे तिसरं कारण जास्त लागू पडलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग वाढतो असं ठरलं, आणि खोल्यांत उजेड यावा म्हणून अधिकाऱ्यांनी घरांवरची कौलं काढली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समोरची इमारत किती उंच असली तर खालच्या खोलीत उजेड पोचेल, याचा ६३½ अंशांचा नियम त्याच ट्रस्टने पुढे लावला. तिथून खिडकी ही घरमालकाची खाजगी बाब राहिली नाही. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यात नवं घर बांधताना तर सोडाच, पण असलेल्या घरात बाहेरून फेरफार करतानाही आधी नोटीस द्या असं आहे. आम्ही वऱ्हाडवाले तेव्हा निजामाकडून पट्ट्याने घेतलेल्या मुलखात, १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेले. आमच्यासाठी १९२२ चा मध्यप्रांत-वऱ्हाड म्युनिसिपल कायदा आला, पण तो अकोल्यासारख्या शहरांना. टाकळीसारख्या गावात कोण विचारतो?

खरं तर नुसती खिडकी-दारं बदलायला आजचाही कायदा फारसा आडवा येत नाही, हे वाचून मला आश्चर्यच वाटलं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमात सूट आहे: घराच्या आतलं काम, किंवा ज्याने बाहेरचं रूप फारसं बदलत नाही अशी दुरुस्ती, तिला परवानगी नको. राष्ट्रीय इमारत संहिता आहे (पहिली १९७०, मग १९८३, २००५ आणि २०१६), तिच्यात तर परवानगी नको असलेल्या कामांची यादीच दिलीय, आणि त्यात पहिलंच काम 'खिडकी, दार किंवा झरोका उघडणे वा बंद करणे'. मजबुतीला आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये एवढी अट. पुढे रंगसफेदी, गिलावा, फरशी वगैरे. ही संहिता म्हणजे शिफारस. ती तिथल्या तिथल्या नियमावलीत उतरली तरच लागू. पण एकंदर कल कळतो. दादाला मी उत्साहाने फोन केला. तो म्हणाला, "मंग देवयाचं काय?"

देवळाचं. हो. तिथेच घोडं अडलं होतं.

कालंका देवीचं देऊळ आमच्या गावाचं भूषण आहे. काळ्या दगडाचं, शिल्पांनी भरलेलं. त्यावरच्या शिलालेखात शके १०९८ आहे, म्हणजे इसवी सन ११७६. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो, पण हेमाडपंत म्हणजे हेमाद्री हा महादेवराव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री, १२६० नंतरचा. देऊळ त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं. लहानपणी आम्ही त्याच्या दगडी ओट्यांवर खेळलोय. ते केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहे हे तेव्हा निळ्या पाटीवरून माहीत होतं, पण त्या पाटीचा आमच्या खिडकीशी संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

संबंध असा. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा निषिद्ध आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरवला. मग २०१० च्या दुरुस्तीने हे थेट कायद्यातच घातलं आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमलं. पहिल्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. पुढच्या दोनशे मीटरमध्ये बांधकाम चालतं, पण बांधकाम असो, पुनर्बांधणी असो की दुरुस्ती, आधी अर्ज. विनापरवाना केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'दुरुस्ती' म्हणजे काय तर, असलेल्या इमारतीत केलेले फेरफार. उंबऱ्याला लागलेली वाळवी आणि तीन मजली लॉज, दोघांनाही एकाच रांगेत उभं केलंय.

मला हा नियम मुळात वाईट वाटत नाही. देवळाला खेटून सिमेंटच्या इमारती उठलेल्या मी इतर गावांत पाहिल्यात, कळस शोधावा लागतो. पण देवळाभोवती आठशे वर्षं माणसं राहत आली, त्यांची धाब्याची घरं हाही त्या देवळाच्या आसपासचाच इतिहास आहे. आणि अॅल्युमिनियम बसवणाऱ्याला तो अर्ज माहीतच नसतो. तो दुपारभरात चौकट काढतो, भंगारवाला सागवान घेऊन जातो. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून काढलेली वस्तूही पुरावस्तूच. ढेलजेचं दार आमच्या पणजोबांच्या वेळचं. हे मी वहिनीला वाचून दाखवलं, आणि ते दार विकायचं नाही असं तेव्हाच ठरलं. (कायद्याने ठरलं की मोठ्या आईच्या नजरेने, ते सांगत नाही.)

दादाने फीत घेऊन मोजलं. कुंपणापासून आमचा उंबरा साधारण एकशे सत्तर मीटर. म्हणजे नियंत्रित पट्टा. म्हणजे अर्ज.

आता खरा पेच. चौकटी बदलणं ही दुरुस्ती, ठीक. पण साठ वर्षं बंद असलेली खिडकी उघडणं ही दुरुस्ती की नवीन भोक? तिथे खिडकी होती हे सिद्ध करायचं कसं? फोटो एकही नाही. मोठ्या आईची साक्ष अर्जाला जोडता येत नाही. मग पत्र्याच्या ट्रंकेत शोधाशोध केली. त्यात आजोबा आणि त्यांच्या भावाचं वाटणीपत्र निघालं, १९५८ सालचं, म्हणजे वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं तेव्हाचं. (स्मारकांचा कायदाही त्याच सालचा, योगायोग.) शाई पिवळी पडलेली, पण चतुःसीमेत लिहिलंय: माजघर, पूर्वेस सांद, 'सदर भिंतीस हवा-उजेडाची खिडकी एक, लाकडी गजासह'. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं तेव्हा मोठी आई म्हणाली, "मी काय खोटं सांगत होती?"

एक परवानगी अजून राहिली होती, कायद्यात कुठेच न लिहिलेली. मी आणि दादा सांदीपलीकडे गेलो. चाचा जाऊन वीस वर्षं झाली, आता त्यांचा नातू कारभार बघतो. न्हाणी कधीच पाडलीय, तिथे खताच्या गोण्यांचं गोदाम आहे. त्याला साठ वर्षांपूर्वीची गोष्ट माहीतच नव्हती. पूर्ण ऐकून घेतली, मग म्हणाला, "आमच्या आजोबानं तुमची खिडकी बंद करायले लावली? मंग मोठ्या मायले आता गोदामच दिसन नं." त्याने एका साध्या कागदावर हरकत नाही असं लिहून सही केली, आणि परत येताना त्याच्या आईने दादाच्या हातात डबा दिला. मोठ्या आईला शिरखुर्मा आवडतो हे त्यांच्याकडे अजून ठाऊक आहे.

अर्जाला फोटो हवेत म्हणून सुतार बोलावला. तसबिरी उतरवल्या, गिलावा खरवडला, दोन विटा हलकेच काढल्या. आत चौकट जशीच्या तशी. हात घालून त्याने गज चाचपले. "ताई, साग हाये. वरून ठक्क हाये, खालचा उंबरा तेवढा सडला." अडीच फूट उंच, दोन फूट रुंद, पाच गज. चौकट काढायची नाही, फक्त खालचं लाकूड बदलायचं आणि बाहेरून आधी होती तशी फळी लावायची, असं ठरलं. अॅल्युमिनियम मागच्या स्वयंपाकघरापुरतं. दादाही राजी झाला. सुताराचा हिशेब त्याला स्वस्त वाटला हे मुख्य कारण.

अर्ज जाऊन आता पाच आठवडे झाले. कायद्यात मुदती आहेत: पंधरा दिवसांत सक्षम अधिकाऱ्याने तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, तिथून दोन महिन्यांत मत यायचं, मग एक महिन्यात निर्णय कळवायचा. सगळं वेळेत झालं तर साडेतीन महिने. नगरपंचायतीकडेही एक प्रत देऊन ठेवलीय, आम्ही पोच घेतलीय.

त्या दोन विटा सुताराने पुन्हा जागेवर ठेवल्या, चुना-माती न लावता, नुसत्या. काल वहिनीचा फोन होता. मोठी आई रोज सकाळी उठली की काठीने वरची वीट आत ओढून घेते आणि खाट त्या बाजूला सरकवून बसते. गोदामात गाडी आली की कुणाची आहे ते ओरडून विचारते. रात्री निजताना वीट पुन्हा लावून ठेवते.